चिकूचा चीक, फुग्याचं रबर

मॅडम, काल आईला घेऊन आमच्या झरीच्या रेशन दुकानात गेले होते. मशीनवर तिचा अंगठा उमटेना. उजवा लावून पाहिला, डावा लावून पाहिला, दुकानदाराने काच पुसली, तिला बोटं ओल्या फडक्याने पुसायला लावली, तरी मशीन नाहीच म्हणत राहिलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "म्हातारे, बोटाच्या रेषा कुठं घालवल्यास?" आई म्हणाली, "अर्ध्या चिकूत गेल्या, अर्ध्या फुग्यात." रांगेतले सगळे हसले, मीही हसले. मग माझ्या मोबाइलवर नंबर आला, तो सांगितल्यावर तांदूळ मिळाले आणि आम्ही घरी आलो. पण आईचं ते वाक्य डोक्यातून जाईना. ते ऐकून नुसतं हसून न थांबणारी एकच व्यक्ती मला माहीत होती, आणि तुम्हाला जाऊन आता अकरा वर्षं होतील. म्हणून आज सुट्टी होती तर हे लिहायला बसले.

माझं सांगायचं तर मी अजून त्याच हातमोज्यांच्या कंपनीत आहे. तलासरी ओलांडलं की गुजरातची हद्द लागते, त्याच्या थोडं पुढे. प्रयोगशाळा आता माझ्या ताब्यात आहे. दिवसभर गुजराती बोलते, जेवणाच्या सुट्टीत हिंदी, आणि घरी आल्यावर आईशी आमची बोली. केरळातून रबराच्या दुधाचा टँकर आला की पहिला नमुना माझ्या टेबलावर येतो. मी पास म्हटल्याशिवाय नळ उघडत नाहीत. हे तुम्हाला माहीत आहे, नोकरी लागली तेव्हा पहिला फोन तुम्हालाच केला होता. पण त्याआधीचं जे झालं त्याबद्दल आपण दोघी कधी नीट बोललोच नाही. तुम्ही तुमच्या बाजूने विषय बंद केलात आणि मी माझ्या बाजूने. आज तो उघडते.

बारावीची पहिली चाचणी, तुमच्या रसायनशास्त्राची. मी तेव्हा डहाणूला वसतिगृहात राहायचे. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली मी, अकरावीला एकदम इंग्रजीत येऊन पडले होते. त्यावर मी माझ्यापुरता एक उपाय शोधून काढला. कळो न कळो, पान पाठ करायचं. पहाटे उठून वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीला टेकून मी अख्खे धडे पाठ करायचे, स्वल्पविरामासकट. अकरावी त्यावर निघाली. बारावीच्या त्या चाचणीत रबरावर प्रश्न होता. गंधक घालून रबर तापवलं की काय होतं, ते लिहा. मी पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा उतरवला. पेपर हातात आला तेव्हा त्या उत्तरापुढे पाचपैकी शून्य होतं आणि खाली लाल शाईत तुमचं बारीक अक्षर, 'पाठांतर उत्तम.'

मी धीर करून टेबलापाशी आले. म्हटलं, मॅडम, एकही शब्द चुकला नाही. तुम्ही पेपर पालथा ठेवलात. "बरं. आता हेच मला मराठीत सांग." मी पुन्हा इंग्रजीतच सुरुवात केली. "इंग्रजी राहू दे, पुस्तक राहू दे. रबर म्हणजे काय ते सांग. कधी हातात घेतलंयस?" मागच्या बाकांवरून कोणीतरी खुदकन हसलं. मी मान हलवली, नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, "तुला शून्य दिलं कारण तू हुशार आहेस. नसतीस तर दोन दिले असते." वसतिगृहात येऊन मी पांघरूण तोंडावर घेऊन रडले, पण शून्यासाठी नाही. मी मान हलवून धडधडीत खोटं बोलले होते. रबर मी हातात घेतलं नव्हतं असा एक रविवार गेल्या कित्येक महिन्यांत नव्हता.

आई थंडीत डहाणूच्या वाड्यांवर चिकू उतरवायला आणि निवडायला जायची, आणि बाकीचे महिने आशागडला एका फुग्यांच्या शेडमध्ये. झरीहून रोज जाणं-येणं परवडायचं नाही म्हणून तिथेच एका खोलीत चार बायका मिळून राहायच्या. रविवारी आणि सुट्टीत मी तिच्याकडे जायचे आणि तिच्या शेजारी बसून काम करायचे. लाकडी फळ्यांवर ओळीने लावलेले काचेसारखे गुळगुळीत साचे, आधी एका खारट पाण्यात बुडवायचे, मग रबराच्या दुधात, मग भट्टीत. बाहेर आले की पावडर लावून फुगे सोलून काढायचे. आमच्याकडे सोलायचं काम. दिवसाला हजारो. बोटांची कातडी आधी पांढरी पडते, मग तिला भेगा जातात, मग ती गुळगुळीत होते. वर्गात कोणालाही हे माहीत नव्हतं. मी हात ओढणीत ठेवायचे.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही शेडवर आलात. स्कूटी दाराशी लावलीत, हातात रिकामी काचेची बाटली. प्रयोगासाठी थोडं रबराचं दूध हवं म्हणून शेठला विचारायला आला होतात. मी तुम्हाला पाहिलं आणि वाळत घातलेल्या फळ्यांच्या मागे जाऊन बसले. पण आईने तुम्हाला ओळखलं. तिच्यासाठी तुम्ही कॉलेजच्या मॅडम नव्हतात, तुम्ही डहाणूजवळच्या आगर गावातल्या चिकूच्या वाडीतल्या ताई होतात, जिथे तिने नऊ हिवाळे चिकू निवडले. आणि मुलीला शिकवते ती हीच, हे तिला माझ्याकडूनच कळलेलं. ती मोठ्याने म्हणाली, "अगं ये की बाहेर! तुझी मास्तरीण आली!" मी आले. केसांपासून पायापर्यंत पांढरी पावडर.

तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत. मला वाटलं आता खोट्याबद्दल बोलणार. तुम्ही पिंपाकडे बोट दाखवलंत. "याला एवढा उग्र वास कसला?"

"अमोनियाचा," मी म्हटलं.

"कशाला घालतात?"

"नाहीतर दूध फाटतं. टँकर येईस्तो दही होऊन जाईल."

"आणि ते पहिलं खारट पाणी?"

"ते उलटं. ते साच्याला लावलं की दूध तिथल्या तिथे फाटतं, साच्याला धरून. बाकीचं पिंपात पातळच राहतं."

"भट्टीत नाही घातला तर?"

"मग फुगा चिकट राहतो. ताणला की ताणलेलाच राहतो, परत येत नाही. भट्टीतून आला की परत येतो."

शेठ कौतुकाने म्हणाला, "मॅडम, आ छोकरी बहु होशियार छे." तुम्ही पर्समधून छोटी वही काढून लिहून घेत होतात. मी सांगितलेलं, तुम्ही लिहून घेत होतात. मग वही मिटलीत आणि विचारलंत, "हे सगळं पेपरात का नाही लिहिलंस?" मी म्हटलं, पुस्तकात असं नाहीये. तुम्ही बाटली भरून घेतलीत आणि निघालात. स्कूटीपर्यंत जाऊन परत आलात आणि आईला म्हणालात, "हात बघू." आईने दोन्ही हात पुढे केले. तुम्ही ते उलटे-सुलटे करून पाहिलेत, मगच स्कूटी सुरू केलीत.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. सुट्टी संपून वर्ग भरला तेव्हा तुम्ही फार आनंदात होतात. टेबलावर ती बाटली. आणि तुम्ही म्हणालात, "आज रबर मी शिकवणार नाही. आपल्या वर्गात एक जण आहे जी स्वतः फुगे बनवते, तिच्या आईबरोबर. ती शिकवेल." आणि माझं नाव घेतलंत. मॅडम, तुमच्या चेहऱ्यावर अभिमान होता, तो मला तेव्हाही दिसला. पण बेचाळीस माना माझ्याकडे वळल्या आणि मागून आवाज आला, "फुगेवाली!" मग दुसरा, "ए फुगेवाली, एक लाल दे!" तुम्ही डस्टर आपटलंत, पण झालं ते झालं. मी दप्तर घेतलं आणि बाहेर पडले. वसतिगृहात न जाता सरळ स्टँडवर, तिथून तलासरीच्या गाडीत, आणि तिथून झरी. आई त्या आठवड्यात घरीच होती. तिला म्हटलं, शिक्षण झालं माझं, आता मी पण शेडवर येते. तिने भाकरी वाढली.

नऊ दिवस मी घरी होते. दहाव्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. पाड्यावर रस्ता नव्हता तेव्हा, जीपवाल्याने ओढ्यापाशी सोडलं असणार, कारण तुमच्या साडीचा काठ गुडघ्यापर्यंत ओला होता आणि चपला हातात होत्या. अंगणात तुम्ही उभ्या राहिलात. खुर्ची आमच्याकडे नव्हती. आईने चटई टाकली आणि म्हणाली, "बस, ताई." आमच्या बोलीत 'तुम्ही' नाही, सगळ्यांना 'तू'. त्या क्षणी मला त्याचीही लाज वाटली. तुम्ही बसलात आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "माझं चुकलं. तुला आधी विचारायला हवं होतं."

मी चटईचं दुमडलेलं टोक सरळ करत राहिले. तुम्हाला वाटलं असेल की मी रागात आहे. खरं तर माझ्याशी कोणी शिक्षक असं बोलेल याची मला सवयच नव्हती. बोलली ती आई. चुलीपुढे बसून, शांतपणे, जशी हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं.

"ताई, तुझ्या मागल्या दारी मी नऊ साल चिकू निवडले. चहा मिळायचा. कप वेगळा ठेवलेला असायचा, कान तुटलेला, आम्हीच धुवायचा नि खिडकीत ठेवायचा. त्याचा मी कधी काय बोलली नाय. तो माझा होता, मी गिळला. पण पोरीने जा लपवलेला, ता तिचा होता. तू ता उघडलास. आता तिला वाटतं सगळे तिला कान तुटलेला कप देतील."

तुमचा चेहरा उतरला.  मला वाटलं आता उठून जाल. पण तुम्ही म्हणालात, "तो कप मी लहानपणापासून पाहत आले. कधी विचारलं नाही, असा का म्हणून."

आई उठली आणि आतून ताडीचं मडकं घेऊन आली. पाहुणीला दुसरं काय देणार. सकाळची होती, झाडावरून नुकती उतरवलेली. "घे, आता गोड आहे. दुपारी घेशील तर चालताना पडशील." तुम्ही दोन घोट घेतलेत आणि विचारलंत, "आणि उद्या?" आई म्हणाली, "उद्या, परवा आंबेल. चार-पाच दिवस राहिली तर नुसती आंबट, माशाला लावायला चालते." आणि माझ्या तोंडून, नऊ दिवसांत पहिल्यांदा, आपोआप निघालं, "आधी साखर, मग दारू, मग आम्ल." मराठीत. तुम्ही माझ्याकडे वळलात. मी पुढे बोलत गेले. "साखर फुटते तेव्हा फेस येतो तो वायूचा. मग हवा लागली की दारूचं आम्ल होतं. तोंड बांधून ठेवली तर उशीर लागतो." तुम्ही फक्त मान डोलावलीत. निघताना म्हणालात, "रविवारी दोघी आगरला या. मला काहीतरी दाखवायचंय. पुढच्या दाराने या."

आई जाणार नाही असं मला वाटलं होतं. ती गेली. नवं लुगडं नेसून गेली. तुमच्या वाडीत चिकू लगडलेले होते आणि ज्या झाडांखाली ती वर्षानुवर्षं उकिडवी बसली त्यांच्याकडे न बघता ती तरातरा पुढच्या पायऱ्या चढली. तुम्ही आम्हाला थेट स्वयंपाकघरात नेलंत. घरातलं कोणी आत आलं नाही. तुम्ही चहा केलात, तिघींना एकसारखे स्टीलचे पेले. मग एक कच्चा चिकू घेतलात, देठ मोडलात आणि पांढरा चीक बशीत टिपून घेतलात. त्या बाटलीतलं रबराचं दूध दुसऱ्या बशीत. आईला म्हणालात, "दोन्ही बोटांवर घासा आणि सांगा." आईने घासलं, हुंगलं, ओढून पाहिलं. म्हणाली, "सारखाच आहे. हा रबराचा जरा जास्त ताणतो."

तुम्ही ओट्यावर तांदळाचं पीठ पसरलंत आणि त्यात बोटाने काढायला लागलात. पाच ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेघा. "हा एक तुकडा. पाच कार्बन, आठ हायड्रोजन. असे हजारो तुकडे एकाच्या हातात दुसऱ्याचा हात देऊन उभे राहिले की लांब दोरा होतो. रबर हाच. चिकूचा चीकही मुळात हाच. रबरात सगळे तुकडे एकाच तऱ्हेने वाकलेले, चिकूत काही असे, काही तसे. परदेशात याच झाडाच्या चिकापासून चघळायचा डिंक करायचे." मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "गंधक काय करतं?" मला आगरच्या किनाऱ्यावर वाळत घातलेली जाळी आठवली, येताना त्यांच्यावरूनच आलो होतो. मी म्हटलं, "नुसत्या दोऱ्यांचा गुंता ओढला तर दोरे सुटून येतील. पण गाठी मारून जाळं केलं तर ताणलं तरी परत जागेवर येईल. गंधक गाठी मारतं." तुम्ही इतक्या जोरात "हां!" म्हणालात की पीठ उडालं.

आई अजून त्या दोन बशांकडे बघत होती. मग स्वतःच्या हातांकडे. म्हणाली, "म्हणजे मी येड्यासारखी दोन ठिकाणी जात होती. काम एकाच घरचा होता." आणि आपण तिघी हसलो, मॅडम. तुमच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, ते हसण्याचं होतं की दुसरं कशाचं ते मी विचारलं नाही.

सोमवारी मी कॉलेजला आले. बुधवारी तुमच्या खोलीत येऊन म्हटलं, मी शिकवते, पण माझ्या पद्धतीने. तुम्ही विचारलंत, काय काय लागेल? मी म्हटलं, दूध आहे, बाकी मी आणते. आणि पुढच्या सोमवारी येताना मी झरीहून पाच दिवसांची आंबलेली ताडी आणली, प्लास्टिकच्या बाटलीत. ती जिन्यात जराशी सांडली आणि शिपायाने आरडाओरडा केला की प्रयोगशाळेत कोणीतरी पिऊन आलंय. तुम्ही बाहेर जाऊन त्याला गंभीरपणे सांगितलंत, "कोणी पिऊन आलेलं नाही. रबर पिणार आहे." त्या दिवशी मी फळ्यापुढे उभी राहिले, हात ओढणीत न ठेवता, आणि पहिलं वाक्य म्हटलं, "मी फुगेवाली आहे, हे सगळ्यांना माहीतच आहे." कोणी हसलं नाही. बीकरमध्ये दूध घेतलं आणि त्यात ताडी ओतली. काहीच झालं नाही. मी बीकर उजेडात धरून पाहिला. तुम्ही मागच्या बाकावर विद्यार्थ्यांत बसला होतात, हाताची घडी घालून, जागच्या हलला नाहीत. मग माझ्या लक्षात आलं, आधी अमोनियाला मारावं लागेल, मग उरलेलं आम्ल दुधाला लागेल. तेच मोठ्याने म्हटलं आणि आणखी ओतली. आणि ते फाटलं, एकदम, दह्याच्या गोळ्यासारखं. मी तो गोळा पाण्यात पिळून घट्ट केला आणि जमिनीवर आपटला. तो छताकडे उडाला. मागच्या बाकांवरून, 'एक लाल दे' म्हणणाऱ्यानेच तो झेलला आणि विचारलं, "परत करून दाखवशील?"

त्यानंतर मी वर्गात तोंड बंद ठेवलंच नाही. अणुकेंद्राचा धडा तुम्ही घेत होतात तो दिवस आठवतो. तारापूरचं अणुवीज केंद्र जवळच, त्यामुळे सगळ्यांनी काही ना काही ऐकलेलं. तुम्ही फरक सांगत होतात. "रासायनिक क्रियेत अणू घर बदलतो, शेजारी बदलतो, पण तो तोच राहतो. केंद्रकाच्या क्रियेत तो स्वतःच बदलतो, दुसरंच मूलद्रव्य होतं." मी हात वर केला. "मॅडम, मग बाईचं लग्न होतं ती क्रिया कुठली?" तुम्ही लग्न केलेलं नव्हतं, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. तुम्ही खडू खाली ठेवलात. "सांगता येत नाही गं. म्हणूनच तो प्रयोग मी केला नाही."

बारावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही मला विभागातला मूलद्रव्यांचा जुना तक्ता दिलात, नवा येणार होता म्हणून. आईने तो आमच्या कुडाच्या भिंतीवर लावला, कणगीच्या वर. पाड्यातल्या बायका विचारायच्या, हा कुठला देव? आईने एकदा मला विचारलं, यात आपला चीक कुठे आहे? मी कार्बनचं आणि हायड्रोजनचं घर दाखवलं. "दोनच?" ती म्हणाली, "मग बाकीचे एवढे कशाला ठेवलेत?"

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पदवी, नोकरी, आणि मग तुमचं आजारपण. मुंबईच्या हॉस्पिटलात किरणोपचारांसाठी तुमच्याबरोबर मी दोनदा आले होते, तुमच्या भाचीला सुट्टी मिळाली नव्हती तेव्हा. तुम्ही आतून बाहेर आलात आणि बाकावर बसून पदर जरा बाजूला करून गळ्याखाली शाईने काढलेल्या खुणा मला दाखवल्यात. "आयुष्यभर मी केंद्रकावर फळ्यावर लिहिलं. आता ते माझ्यावर लिहितायत." मग तुम्ही आवाज खाली आणलात, जसा तास संपताना आणायचात. "आत कोबाल्ट आहे. तो बसल्या जागी निकेल होत राहतो, आणि होताना जो प्रकाश टाकतो, तो मला मिळतो. कोणीतरी स्वतः बदलतंय म्हणून मी इथे बसलेय." शेजारी बसलेल्या बाईने मला विचारलं, "तुमच्या आई का?" मी उत्तर द्यायच्या आत तुम्ही म्हणालात, "नाही हो, हिची आई माझ्यापेक्षा हुशार आहे."

मॅडम, तुमच्याबद्दल लोक सांगतात तेव्हा सांगतात की किती विद्यार्थी घडवले, किती शिस्त होती. मी ते ऐकून घेते. मला वेगळंच आठवतं. माझ्या आईपुढे चटईवर बसून तुम्ही चूक कबूल केलीत, आणि ती तुम्हाला बोलली तेव्हा मध्ये एकदाही तोंड उघडलं नाहीत. प्रयोग फसत होता तेव्हा मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसून राहिलात. आज माझ्या हाताखाली सहा जण आहेत, त्यातल्या तिघी आमच्याच बाजूच्या पाड्यांवरच्या. त्यांचं चुकतंय असं दिसलं की माझा हात पुढे जातो. मग मी घडी घालते. बऱ्याचदा जमतं.

हे कागद मी टपालात टाकणार नाही. आगरच्या घरी आता तुमचं कोणी राहत नाही, आणि भाचीने वाचावं असं यात काही नाही. आईला मात्र चिकूपर्यंतचं वाचून दाखवेन. उरलेलं नाही, कारण एक गोष्ट मी तिलाही सांगितलेली नाही.

तुम्ही गेलात ती बातमी मला कामावर असताना मिळाली. सकाळचे साडेअकरा असतील. टँकरचा नमुना तपासत होते. किती अमोनिया आहे ते मोजायला आम्ही दुधात रंग दाखवणारा दर्शक घालून आम्ल थेंबाथेंबाने सोडतो, पिवळा रंग गुलाबी झाला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. माझा एक हात नळीच्या चावीवर होता. सहकारिणीने फोन माझ्या कानाला लावला, तुमची भाची बोलत होती. मी म्हटलं, बरं, निघते. तिने फोन बाजूला घेतला आणि मी पुन्हा थेंब सोडायला लागले. नंतर सगळे म्हणाले, काय धीराची आहे, काम पूर्ण करून गेली. मी त्यांना तसं म्हणू दिलं. खरं एवढंच की चावी बंद केली, आकडा लिहिला, की मग ती बातमी खरी होणार होती, आणि मला ते नको होतं. गुलाबी रंग आला. मी तो पाहिला. आणि तरी आणखी चार थेंब पडू दिले. तुम्ही असतात तर नमुना ओतून पुन्हा करायला लावलं असतंत. तो चुकीचा आकडा मी रजिस्टरमध्ये लिहिला, खाली सही केली आणि आगरला यायला निघाले. पुन्हा केलं नाही, मॅडम.